टॉमस पेन यांचे पुनर्मूल्यांकन कसे करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महात्मा फुले यांच्यावर अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जन्मलेले क्रांतिकारी लेखक टॉमस पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन' (माणसाचे हक्क) या ग्रंथाचा प्रभाव पडला, हे आपण अनेक वर्षे वाचत आला आहात. अलीकडे मात्र आपल्या लक्षात आले की, अठराव्या शतकातील ज्या क्रांतिकारी विचारवंतांनी मनुष्यमात्राच्या हक्कांची घोषणा केली, त्यांपैकी काहींच्या घरी गुलाम होते, बहुतेकांनी स्त्रियांना नागरिकत्वाच्या बाहेर ठेवले आणि काहींनी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी म्हणून गिलोटिनचे, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राचे, समर्थन केले. अशा विचारवंतांना आज गंभीरपणे घ्यावे का, आणि घ्यायचे तर त्यांच्या विचारांचे पुनर्मूल्यांकन कोणत्या पद्धतीने करावे, असे आपण विचारले आहे. मी पदव्युत्तर वर्गांना पाश्चात्त्य राजकीय विचार हा विषय दीर्घकाळ शिकवला आहे. हा प्रश्न प्रामाणिक विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे, असे माझे मत आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. लेखक माणूस म्हणून कसा होता, हा एक प्रश्न. त्याने मांडलेला युक्तिवाद टिकतो का, हा दुसरा. आणि त्या युक्तिवादाने जगात पुढे काय घडवले, हा तिसरा. या तिन्हींचे पुरावे निरनिराळे असतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की गोंधळ होतो. टॉमस जेफर्सन यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या 1776 च्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे लिहिले आणि आयुष्यभर शेकडो गुलामांचे मालक राहिले. यावरून जेफर्सन यांच्याविषयी कठोर निर्णय देता येतो आणि तो दिलाच पाहिजे. परंतु माणसे समान नाहीत, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट, त्या वाक्याच्या आधारेच पुढे गुलामगिरीविरोधकांनी जेफर्सन यांच्या वर्गाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

उत्तराचा काही भाग आपल्या हेतूवर अवलंबून राहील, हेही आधी मान्य करतो. आपण चरित्र लिहीत असाल, तर व्यक्तीच्या आचरणाला मध्यवर्ती स्थान द्यावे लागेल. आजच्या घटनात्मक वादांसाठी साधने शोधत असाल, तर युक्तिवादाला. शिवाय 'प्रबोधनयुगाचे विचारवंत' हा एकजिनसी गट नाही. तत्त्वज्ञ रूसो यांच्याविषयीचा निष्कर्ष फ्रेंच विचारवंत काँदोर्से यांना लागू पडत नाही आणि फ्रेंच राज्यक्रांतीतील दहशतीच्या काळाचे नेते रोबेस्पिएर यांच्याविषयीचा पेन यांना तर मुळीच नाही. म्हणून मी सर्वांविषयी ढोबळ विधाने करण्याचे टाळतो आणि आपण ज्यांचे नाव घेतले त्या पेन यांच्यावरच लक्ष ठेवतो.

पेन यांचा जन्म 1737 मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील थेटफर्ड येथे झाला. वडील कॉर्सेट शिवणारे कारागीर होते आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे होते. पेन यांनी काही काळ तोच व्यवसाय केला, नंतर अबकारी खात्यात नोकरी केली, सहकाऱ्यांच्या पगारवाढीसाठी 1772 मध्ये निवेदन लिहिले आणि 1774 मध्ये नोकरी गमावली. त्याच वर्षाच्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिन यांची शिफारसपत्रे घेऊन ते फिलाडेल्फियाला पोहोचले आणि जानेवारी 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. अबकारी खात्यातील ही नोकरी चरित्रलेखक सहसा एका वाक्यात उरकतात. माझ्या मते ती पेन यांच्या उत्तरकालीन विचारांची किल्ली आहे.

कोणताही राजकीय ग्रंथ वाचताना मी विद्यार्थ्यांना प्रथम एकच गोष्ट विचारतो: हे लेखन कोणाला उत्तर देत आहे? 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग 1791 मध्ये आला तो ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांच्या नोव्हेंबर 1790 मधील फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाला उत्तर म्हणून. बर्क यांचा एक आधार असा होता की, राजा बदलणाऱ्या 1688 च्या क्रांतीनंतर इंग्लंडच्या संसदेने स्वतःला, आपल्या वारसांना आणि पुढील सर्व पिढ्यांना राजघराण्याच्या निष्ठेने बांधून घेतले होते. पेन यांनी नेमका यावरच आघात केला. मेलेल्या पिढीला जिवंत पिढीवर राज्य करण्याचा अधिकार नाही. ज्याप्रमाणे माणूस दुसऱ्या माणसाचा मालक होऊ शकत नाही, त्याचप्रमाणे एक पिढी येणाऱ्या पिढ्यांची मालक होऊ शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. यातील तुलना लक्षपूर्वक पाहावी. पिढ्यांचे स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी पेन यांनी माणसावर मालकी असू शकत नाही हे तत्त्व गृहीत धरले आहे. म्हणजे गुलामगिरीचा निषेध हा त्यांच्या राजकीय सिद्धान्ताला नंतर चिकटवलेला भाग नसून तो सिद्धान्तच त्यावर उभा आहे.

हा वाद आपल्याकडेही पोहोचला आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच आशयाचे जेफर्सन यांचे विचार उद्धृत केले, ते संपूर्णपणे सत्य आहेत असे म्हटले आणि भारतीय संविधानातील दुरुस्तीची तरतूद त्या तत्त्वाशी जोडली. तरीही बर्क यांना एका फटक्यात निकालात काढू नये. समाज हा मृत, जिवंत आणि अजून न जन्मलेले यांच्यातील भागीदारी आहे, हा त्यांचा विचार कर्ज, जंगल आणि पाणी यांविषयी बोलताना आजही लागतो. शिवाय ज्या वर्षी त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका केली, त्याच काळात ते भारतातील अन्यायांबद्दल बंगालचे माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोग चालवत होते. पुरोगामी आणि प्रतिगामी अशा शिक्क्यांवरून कोण कोणाच्या बाजूने उभा राहील याचा अंदाज बांधू नये, हे मला या जोडीवरून नेहमी जाणवते.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. 'माणसाचे हक्क' म्हणताना माणूस कोण, आणि कोण बाहेर राहिले? येथे 'त्या काळाच्या मर्यादा होत्या' हे उत्तर फार सहज दिले जाते. मी ते तपासल्याशिवाय स्वीकारत नाही आणि तपासण्याची माझी रीत अशी: त्याच वर्षांत, त्याच वर्तुळात, त्याच लेखकाच्या ओळखीच्या कोणी तो आक्षेप मांडला होता का? मांडला असेल, तर ती काळाची मर्यादा नाही. ती त्या लेखकाची आहे.

स्त्रियांच्या बाबतीत या कसोटीवर पेन उतरत नाहीत. काँदोर्से यांनी 1790 मध्येच स्त्रियांना नागरिकत्वाचे हक्क देण्याच्या बाजूने निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांचा युक्तिवाद साधा आणि भेदक आहे: हक्क हे विचार करू शकणारा, नैतिक जाणीव असलेला जीव म्हणून मिळतात, आणि स्त्रियांमध्ये हे गुण आहेत, म्हणून एक तर कोणत्याही माणसाला खरे हक्क नाहीत, नाही तर सर्वांना सारखेच आहेत. फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूज यांनी 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बर्क यांना पेन यांच्याही आधी उत्तर देणाऱ्या मेरी वोल्स्टनक्राफ्ट यांचा स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथ 1792 मध्ये आला. काँदोर्से हे पेन यांचे निकटचे सहकारी होते. 1791 मध्ये दोघांनी मिळून प्रजासत्ताकाचा पुरस्कार केला आणि पुढे फ्रान्सच्या संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीत दोघे एकत्र बसले. इतक्या जवळ हा युक्तिवाद उपलब्ध असूनही पेन यांच्या प्रमुख राजकीय लेखनात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी नाही. हे मौन मी दोष म्हणूनच नोंदवतो.

गुलामगिरीच्या बाबतीत चित्र वेगळे आहे, पण सरळ नाही. 1775 मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेला गुलामगिरीविरोधी निबंध पूर्वी सर्रास पेन यांच्या नावावर दिला जाई. त्याच्या लेखकत्वाविषयी आता अभ्यासकांत शंका आहे, म्हणून केवळ त्याच्या आधारावर निष्कर्ष काढू नये. भक्कम गोष्टी अशा: 1 मार्च 1780 रोजी पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला, तेव्हा पेन त्या सभागृहाचे लेखनिक होते, आणि 1804 मध्ये लुइझियानातील फ्रेंच रहिवाशांनी स्वराज्याच्या मागणीबरोबर गुलाम आणण्याचा अधिकारही मागितला, तेव्हा पेन यांनी त्यांना जाहीर पत्रातून खडसावले. दुसऱ्या बाजूला, 'कॉमन सेन्स'मध्येच त्यांनी ब्रिटिश सत्तेवर आरोप केला आहे की, तिने आमच्या नाशासाठी इंडियन आणि निग्रो लोकांना चिथावले. या वाक्यातील 'आमच्या'मध्ये अमेरिकेचे मूळ रहिवासी आणि गुलाम नाहीत. वीस वर्षांनी तेच पेन मूळ रहिवाशांच्या समाजाकडे बोट दाखवून म्हणतात की, युरोपच्या रस्त्यांवर दिसणारे दारिद्र्य तेथे नाही. एकाच लेखकाची ही दोन वाक्ये आहेत, आणि पुनर्मूल्यांकन करणाऱ्याने दोन्ही सांगितली पाहिजेत.

येथे एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. वगळणूक सिद्धान्तातून निघते की सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते, हे पाहावे. फ्रान्सच्या 1795 च्या संविधानाने मताधिकाराला मालमत्तेची अट घातली. तेथे गरिबांना वगळणे हे सत्ता मालमत्ताधारकांकडे असावी या तत्त्वातूनच निघते, आणि ते तत्त्व टाकल्याशिवाय वगळणूक दूर होत नाही. पेन यांच्या बाबतीत स्त्रियांना वगळण्यासाठी त्यांच्या तत्त्वात कोणतेही कारण सापडत नाही. तत्त्व पूर्ण लावले की वगळणूक कोसळते. म्हणून पेन यांच्यावरील उत्तम टीका त्यांच्याच वाक्यांनी करता येते. याच 1795 च्या संविधानाला पेन यांनी सभागृहात आणि पुस्तिकेतून विरोध केला होता. मताचा हक्क हा इतर सर्व हक्कांचे रक्षण करणारा मूळ हक्क असून तो काढून घेणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, असे त्यांनी लिहिले. हे वाक्य लिहिणाऱ्याने स्त्रियांचा विचार केला नाही याचा मला खेद होतो, परंतु ते वाक्य त्यामुळे खोटे ठरत नाही.

आपण पेन यांना 1776 चे पुस्तिकाकार म्हणून ओळखत असाल, तर त्यांचा सर्वांत समृद्ध भाग आपल्या नजरेतून सुटला आहे. 'राइट्स ऑफ मॅन'चा दुसरा भाग फेब्रुवारी 1792 मध्ये आला आणि त्याचे पाचवे प्रकरण माझ्या मते आजच्या वाचकासाठी संपूर्ण ग्रंथातील सर्वांत मोलाचे आहे. तेथे घोषणा कमी आणि हिशेब जास्त आहेत. सरकारला पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, याची ते आकड्यांनिशी झडती घेतात. कराचा मोठा बोजा रोजच्या वापराच्या वस्तूंवर, म्हणजे गरिबांवर पडतो. विक्रीच्या बिअरवर कर आहे, परंतु सरदार घराणी स्वतःची बिअर घरीच बनवत असल्याने तो कर त्यांना लागत नाही, हे उदाहरण अबकारी खात्यात राबलेल्या माणसालाच सुचू शकते. मग ते पर्याय मांडतात: गरीब कुटुंबातील 14 वर्षांखालील प्रत्येक मुलामागे वर्षाला 4 पौंड, आणि त्या बदल्यात पालकांनी मुलाला वाचन, लेखन व अंकगणित शिकण्यासाठी शाळेत पाठवलेच पाहिजे, वयाच्या 50 पासून गरजू वृद्धांना वर्षाला 6 पौंड आणि 60 नंतर 10 पौंड, मोठ्या जमीनदारीवर चढत्या दराचा कर. वृद्धांना मिळणारी ही रक्कम दया म्हणून नव्हे, तर त्यांनी आयुष्यभर भरलेल्या करांच्या पोटी हक्क म्हणून द्यावी, असे ते स्पष्ट म्हणतात.

1797 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस'मध्ये ते आणखी पुढे जातात. मूळ अवस्थेत जमीन सर्वांची होती. लागवड करणाऱ्याची मालकी फक्त त्याने केलेल्या सुधारणेवर आहे, जमिनीवर नाही. म्हणून प्रत्येक जमीनमालक समाजाचा भाडेकरू आहे आणि त्याने समाजाला भाडे दिले पाहिजे. हे भाडे वारसाहक्काच्या वेळी 10 टक्के या दराने घ्यावे आणि त्यातून राष्ट्रीय निधी उभारावा. या निधीतून 21 वर्षांच्या प्रत्येक व्यक्तीला एकदा 15 पौंड आणि 50 वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला दरवर्षी 10 पौंड, श्रीमंत असो की गरीब, द्यावेत. जंगम संपत्तीविषयी ते म्हणतात की, ती पुष्कळदा श्रमाचा मोबदला कमी दिल्यामुळे साठते. वेल्समधील लँडाफच्या बिशपांनी श्रीमंत आणि गरीब दोन्ही निर्माण करण्यात ईश्वराचे शहाणपण दिसते, असे प्रवचन छापले होते. ते पाहूनच पेन यांनी आपली पुस्तिका न थांबता छापायला दिली. ईश्वराने स्त्री आणि पुरुष निर्माण केले आणि पृथ्वी त्यांना वारसा म्हणून दिली, गरीब व श्रीमंत निर्माण केले नाहीत, असे त्यांनी प्रस्तावनेत उत्तर दिले. आज सर्वांना किमान उत्पन्न देण्याविषयीच्या चर्चेत या पुस्तिकेचा उल्लेख येतो, तो उचितच आहे.

गिलोटिनविषयीच्या आपल्या आक्षेपाला पेन यांच्यापुरते उत्तर थोडक्यात देता येते. 1792 मध्ये ते पा-द-कॅले या जिल्ह्यातून फ्रान्सच्या नॅशनल कन्व्हेन्शन या क्रांतिकालीन प्रतिनिधी सभेवर निवडून आले. जानेवारी 1793 मध्ये सोळाव्या लुईच्या शिक्षेचा प्रश्न आला, तेव्हा राजेशाहीच्या या कट्टर शत्रूने राजाला ठार न मारता युद्ध संपेपर्यंत कैदेत ठेवावे आणि नंतर अमेरिकेला हद्दपार करावे, असे मत दिले. रोबेस्पिएर यांनी स्वतः 1791 मध्ये फाशीच्या शिक्षेविरुद्ध भाषण केले होते, याची आठवणही त्यांनी सभागृहाला करून दिली. पेन क्वेकर असल्याने त्यांचे मत धरू नये, असे जहाल क्रांतिकारी नेते मारा (Marat) यांनी मध्येच ओरडून सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेन यांना अटक झाली आणि फ्रान्समधील अमेरिकेचे राजदूत जेम्स मन्रो यांच्या प्रयत्नांनी नोव्हेंबर 1794 मध्ये त्यांची सुटका झाली. तत्त्व आणि सूड यांतील रेषा ते ओळखत होते आणि त्यासाठी किंमत मोजायला तयार होते.

पेन जेथे सरळ चुकले, ती जागा वेगळी आहे आणि तिची चर्चा कमी होते. युद्धाचे कारण राजे आहेत, प्रजासत्ताके आली आणि व्यापार खुला झाला की राष्ट्रे आपोआप शांततेने राहतील, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्यांच्या डोळ्यांदेखत फ्रेंच प्रजासत्ताकाने युरोपभर सैन्य पाठवले, आणि इंग्लंडवर तोफनौकांनी स्वारी करण्याच्या योजनेला पेन यांनीच पाठिंबा दिला. ज्या प्रजासत्ताकाने 4 फेब्रुवारी 1794 रोजी वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, त्याच फ्रान्सने 1802 मध्ये नेपोलियनच्या हाताने ती पुन्हा लागू केली. राज्यसंस्थेचे रूप बदलले म्हणून साम्राज्याची भूक शमत नाही. व्यापाराविषयी त्यांची आशा तर ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलाखाली राहिलेल्या देशातील वाचकाला सर्वांत परकी वाटेल. हा दोष वगळणुकीच्या दोषासारखा नाही. येथे तत्त्व पुरते लावूनही दुरुस्ती होत नाही, कारण गृहीतकच चुकीचे आहे. मी हा भाग विद्यार्थ्यांना ऐतिहासिक मत म्हणून शिकवतो, मार्गदर्शक म्हणून नाही.

थोडक्यात, पिढ्यांचे स्वातंत्र्य आणि मताधिकाराचे मूलभूतपण हे युक्तिवाद टिकतात. संपत्तीवरील सामाजिक हक्काचा विचार तेव्हापेक्षा आज अधिक मोलाचा आहे. स्त्रियांविषयीचे मौन आणि मूळ रहिवाशांविषयीचे युद्धकालीन वाक्य हे दोष आहेत, परंतु ते त्यांच्या तत्त्वाने दूर होणारे आहेत. युद्ध आणि व्यापार यांविषयीचा आशावाद मात्र सोडून द्यावा लागतो.

राहिला महात्मा फुले यांचा प्रश्न. जोतीरावांनी 1847 च्या सुमारास 'राइट्स ऑफ मॅन' वाचला, हे त्यांच्या चरित्रांतून नोंदलेले आहे. परंतु त्यावरून फुले यांचे विचार पेन यांच्याकडून उसने घेतलेले आहेत असे म्हणणे अन्यायाचे आहे. जातिव्यवस्थेचा अनुभव, शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे काम आणि शेतकऱ्यांची दैना यांविषयी पेन यांना काही सांगता येण्यासारखे नव्हते. साम्य शोधायचे तर ते हिशेबाच्या पद्धतीत शोधावे, असे मी सुचवीन. 1882 मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले यांनी दाखवून दिले की, सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. म्हणून प्राथमिक शिक्षण किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे. हा पेन यांच्या पाचव्या प्रकरणाचा परिणाम आहे असा माझा दावा नाही, तसा पुरावा माझ्यापुढे नाही. पण राज्याचा न्याय कराच्या वहीत तपासावा ही दृष्टी दोघांत समान आहे. आणि जेथे पेन गप्प राहिले, तेथे फुले बोलले. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त स्त्री आणि पुरुष दोघेही सर्व मानवी हक्कांचे सारखेच अधिकारी आहेत, अशी मांडणी पुनःपुन्हा येते. पेन यांचे तत्त्व पुरते लावले तर काय निघते, याचे उत्तर मराठीत असे लिहून ठेवलेले आहे.

वाचनाला सुरुवात करायची असेल, तर 'कॉमन सेन्स'पासून करू नये. आधी 'राइट्स ऑफ मॅन'च्या दुसऱ्या भागाचे पाचवे प्रकरण वाचावे आणि त्यातील आकडे स्वतः कागदावर मांडून पाहावेत. मग 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस', त्यानंतर काँदोर्से यांचा 1790 चा निबंध, आणि शेवटी बर्क व पेन यांची 1688 विषयीची पाने समोरासमोर ठेवावीत. हंटर आयोगापुढील निवेदन लहान आहे. ते पाचव्या प्रकरणाच्या लगेच नंतर वाचले, तर मी वर म्हटलेले साम्य आपल्याला पटते की नाही, हे आपणच ठरवू शकाल.